जामीनदार

सी.एम.एल. हा रक्ताचा कर्करोग झालेल्या माणसाकडे बघून त्याला कर्करोग आहे असं कुणाला वाटत नाही. केस जात नाहीत, ऑपरेशन होत नाही, महिनोन्‌महिने सलाईन लावून पडावं लागत नाही. रोज गोळी घ्यायची, कामावर जायचं, संक्रांतीला हळदीकुंकू करायचं. त्यामुळे आजार आटोक्यात आल्यावर, आणि माझ्या बाबतीत तो परत येऊन पुन्हा आटोक्यात आल्यावर, लोक जे कौतुक करतात ते मला जड जातं. "तू लढलीस गं," म्हणतात. सांगलीतल्या एका महिला मंडळानं तर शाल-श्रीफळ दिलं, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी 'रणरागिणी' म्हणून माझं नाव पुकारलं. मी खाली मान घालून शाल घेतली. खरं सांगायचं तर मी वेळेवर गोळ्या गिळल्या आणि मागतील तेव्हा रक्त काढू दिलं. लढली ती दुसरी माणसं. त्यांतली काही माझ्या घरातली, काही ओळखीपाळखीची, आणि बरीचशी अशी की त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. ती शाल त्या सगळ्यांची आहे.

२००९ साली मी सांगलीच्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात कारकून होते. मार्चअखेरीची धावपळ चालली होती. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड ठेवल्यासारखं वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. वजन उतरलं होतं आणि मैत्रिणी डाएटचा कागद मागत होत्या. संध्याकाळी जिना चढताना मध्येच थांबायला लागलं, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबलं आणि हात तिथंच ठेवून म्हणाले, "पानथरी पार बेंबीपर्यंत आलीय. आजच्या आज रक्त तपासा." पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्या लागतात. माझ्या पावणेदोन लाखांवर होत्या. लॅबवाल्यानं मशीन बिघडलं असेल म्हणून नमुना दुसऱ्यांदा लावला होता.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जागत दादरला उतरलो आणि परळच्या टाटा हॉस्पिटलचं कार्ड काढलं. राहायची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. हे (माझे यजमान) एस.टी.त कंडक्टर होते. मुंबईत महिनाभर खोली घेणं आमच्या ऐपतीतलं नव्हतं. धर्मशाळेतल्या त्या रात्री आजूबाजूला बिहार, बंगाल, विदर्भ, सगळीकडची माणसं होती, आणि प्रत्येकाच्या उशाशी टाटाची फाइल होती. गाडगेबाबा १९५६ साली गेले. त्यांच्या नावानं दिलेल्या आसऱ्याला माझी पाठ टेकली, हे माझं मुंबईतलं पहिलं देणं.

दुसरं देणं मला पुष्कळ उशिरा कळलं. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं ते सर दोराबजी टाटांच्या ट्रस्टच्या पैशातून. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानंच वारल्या होत्या. त्यानंतर दोराबजींनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, तो ल्युकेमियावरच्या संशोधनाला जगभर मदत करण्यासाठी, आणि त्याच वर्षी तेही गेले. एका बाईला झालेला आजार, त्यावर त्या काळी काही इलाज नव्हता, म्हणून नवऱ्यानं मागं ठेवलेला पैसा. मी ज्या बाकावर नंबरची वाट बघत बसले, तो बाक त्या पैशाच्या पुण्याईनं तिथं होता.

कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासला आणि निदान पक्कं झालं : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सी.एम.एल. डॉक्टरांनी कागदावर दोन काड्या काढल्या. एकीवर ९ लिहिलं, दुसरीवर २२. "ही तुमची दोन गुणसूत्रं. यांच्या टोकांची अदलाबदल झालीय. त्यातून एक नवा जीन तयार झालाय, बीसीआर-एबीएल. तो पेशींना सारखा वाढा, वाढा म्हणून हुकूम देतोय. आपण त्याचं तोंड बंद करणारी गोळी देणार." मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "दिवस मोजू नका."

गोळीचं नाव इमॅटिनिब. मूळ परदेशी कंपनीची गोळी घ्यायची तर महिन्याचा खर्च एक लाख वीस हजारांच्या आसपास होता. भारतात तयार होणारी तीच गोळी तेव्हा आठ-दहा हजारांत मिळायची. माझा पगार त्याहून थोडाच जास्त. मूळ कंपनीच्या मोफत योजनेचे कागद होतील तेव्हा होतील, तोवर थांबायला वेळ नव्हता. मी आमच्याच पतसंस्थेत कर्जाचा अर्ज भरला. कर्जाला दोन जामीनदार लागतात. जामीनदारांच्या सह्या नीट आहेत का, हे तपासण्यात माझी नोकरी गेलेली, आणि आता माझ्याच अर्जावर त्या दोन जागा मोकळ्या होत्या. पहिली सही कॅशियरबाईंनी केली. दुसरी सही आमच्या शिपाईमामांनी केली. त्यांचा पगार माझ्या निम्मा. मी म्हटलं, "मामा, मी नसले तर हप्ता तुमच्याकडून वसूल करतील. नियम तुम्हाला माहीत आहे." मामा म्हणाले, "माहीत आहे की. पगारातून कापतील. कापू देत." आणि पेन उघडून, जीभ ओठावर ठेवून, सावकाश एकेक अक्षर काढत त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

ती आठ-दहा हजारांची गोळी तरी आपोआप आली नव्हती. मूळ कंपनीनं भारतात पेटंट मागितलं, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला. भारतीय कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे, ठाऊक असलेल्या औषधाचं नवं रूप आणलं तर त्याचा गुण वाढल्याचं दाखवावं लागतं. ते दाखवलं गेलं नाही, असं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठानं कंपनीचं अपील फेटाळलं. १ एप्रिल म्हणजे आमच्याकडे ताळेबंदाची गडबड. दुपारी कुणीतरी टीव्हीवरची बातमी सांगितली. चार वर्षं मी जी गोळी खात होते, तिचा भाव दिल्लीत त्या दिवशी ठरत होता, हे मला तेव्हा उमजलं.

टाटाच्या ओ.पी.डी.त मला इचलकरंजीचे एक काका भेटले. खर्चीवाले यंत्रमागधारक, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारे. त्यांना आजार झाला तेव्हा ही गोळी आलेलीच नव्हती. इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यायची आणि टिकेल तेवढं टिकायचं. त्यासाठी काकांनी चारातले दोन माग विकले. इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं आणि घरी फ्रीज नाही, म्हणून ते गल्लीतल्या एका डेअरीत ताकाच्या पिशव्यांशेजारी ठेवलेलं असायचं. रोज संध्याकाळी टोचलं की तासाभरात थंडी वाजून ताप. काकू घोंगडं घालून वर बसायच्या. "ताई, ते दिवस काढले आणि मग ही गोळी आली. मोफत योजनेत नाव लागलं. तुम्ही नशिबाच्या, थेट गोळीवर आलात," असं ते हसत सांगायचे. त्यात असूया नसायची.

माझी खरी शिकवणी काकांनी घेतली. गोळी जेवणाच्या मध्यावर घ्यायची, आधी दोन घास, नंतर दोन घास, वर तांब्याभर पाणी, म्हणजे मळमळत नाही. सकाळी डोळ्यांखाली सूज येणार, तिला घाबरायचं नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे येणार, तेव्हा उठून पाय जमिनीवर दाबायचा. दुसऱ्या कुठल्याही दुखण्यावर औषध घेताना 'मी ही गोळी घेते' हे आधी सांगायचं. वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. आणि एक नियम त्यांचा स्वतःचा : "रिपोर्टचा लिफाफा एकट्यानं फोडायचा नाही. सोबत कुणीतरी पाहिजे. आकडा चांगला असो, वाईट असो."

२०१२ मध्ये काकांचे आकडे चढायला लागले. गोळीचा डोस वाढवून झाला, दुसरी गोळी झाली. तपासणीत कळलं की त्यांच्या आजारानं रूप बदललंय, 'टी-३१५-आय' नावाचा बदल. ज्या खाचेत गोळी जाऊन बसते ती खाचच बदलते आणि गोळीला जागा राहत नाही. त्यावर चालणारं पोनॅटिनिब नावाचं औषध त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं. काकांपर्यंत ते पोचलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी इचलकरंजीला भेटायला गेले तेव्हा उरलेले दोन माग चालू होते. मुलगा म्हणाला, "बंद ठेवायचे नाहीत, असं सांगून गेलेत." काकांनी शिकवलेल्या नियमांवर मी अजून गोळी घेते. त्यांचे दोन माग माझ्या हिशेबात मी धरलेत.

मामा आणि काकांनंतर तिसरा माणूस माझा धाकटा भाऊ. तासगावला त्याची द्राक्षबाग आहे. निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले की गोळी चालली नाही तर मगज बदलण्याचा उपाय हाताशी असावा, भावंडांचे नमुने देऊन ठेवा. सख्ख्या भावंडाचा नमुना जुळण्याची शक्यता चारात एक असते. आम्ही तिघं. बहिणीचा जुळला नाही, भावाचा जुळला. बातमी कळल्यावर चार दिवसांनी तो सांगलीला आला, चहा घेतला आणि नेहमीसारखी चंची काढली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अक्का, तंबाखू सोडली."

"का रे? एवढ्या वर्षांची?"

"उद्या तुला माझा मगज लागला तर? घाण माल द्यायचा व्हय?"

डॉक्टरांनी त्याला असं काही करायला सांगितलं नव्हतं. त्यानं आपलं आपण ठरवलं. गोळीनं काम केलं, मगज कधीच लागला नाही. दर वेळी माझा रिपोर्ट चांगला आला की बहीण त्याला चिडवायची, "आता खा की तंबाखू." तो मान हलवायचा. ज्या कर्जाचा हप्ता कधी थकलाच नाही, त्याचा जामीनदार म्हणून त्यानं आपला अंगठा अजून काढून घेतलेला नाही.

माझी गोळी कुठून आली, ती सगळी साखळी मला पुढं डॉक्टरांकडून आणि वाचनातून कळत गेली. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या आजाराच्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र दिसलं. ते लहान का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी शोधलं. गुणसूत्रांच्या फोटोंचे कात्रीनं तुकडे करून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडत बसायच्या, आणि मुलं त्यांना 'आई कागदाच्या बाहुल्या खेळते' म्हणून चिडवायची. तिथं त्यांना ९ आणि २२ ची अदलाबदल दिसली. माझ्या डॉक्टरांनी कागदावर काढलेल्या दोन काड्या त्या टेबलावरून आल्या. एका घरंदाज बाईनं पोराबाळांच्या गराड्यात केलेलं हे काम आहे, याचं मला फार बरं वाटतं.

त्यानंतर ब्रायन ड्रकर नावाचे डॉक्टर या गोळीच्या मागं लागले आणि जून १९९८ मध्ये तिची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. ज्यांच्यावर इंटरफेरॉन चाललं नव्हतं, अशा रुग्णांनी ती घेतली. गोळी काय करेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस घेतलेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी ताळ्यावर आल्या. पण औषध थोडं आणि रुग्ण फार. तेव्हा मॉन्ट्रिआलच्या सुझॅन मॅक्नमारा या आजारी तरुणीनं १९९९ मध्ये इंटरनेटवर अर्ज फिरवून तीन हजारांवर सह्या गोळा केल्या आणि औषधाचं उत्पादन वाढवा म्हणून थेट कंपनीच्या प्रमुखांना पाठवल्या. पुढं तिला गोळी मिळाली, ती जगली, आणि ल्युकेमियावरच संशोधन करून तिनं पीएच.डी. मिळवली. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषध मंजूर झालं. ज्यांनी ती गोळी सगळ्यांत आधी तोंडात टाकली, त्यांनी माझ्या अर्जावर न बघता सही केली, असंच मी मानते. शिपाईमामांना निदान माझं नाव तरी माहीत होतं.

दहा वर्षं गोळी चालली. बीसीआर-एबीएल मोजणारी पीसीआर तपासणी ठरल्यावेळी व्हायची, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं रिपोर्टवर एकच शेरा यायचा : 'आढळले नाही.' २०१९ च्या सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, "आता गोळी बंद करून बघता येईल. तुमची तयारी आहे का?" त्यांनी फ्रान्समधल्या एका चाचणीची गोष्ट सांगितली. ज्यांच्या रक्तात दोन वर्षं आजाराचा मागमूस नव्हता अशा शंभर जणांनी २००७ पासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळी सोडली. त्याचा पहिला अहवाल २०१० मध्ये आला. वर्षभर तरी पाठपुरावा झालेले त्यात ६९ जण होते. ४२ जणांचा आजार परतला. त्यांतल्या ४० जणांचा पहिल्या सहा महिन्यांत, एकाचा सातव्या महिन्यात आणि एकाचा एकोणिसाव्या. गोळी पुन्हा सुरू केल्यावर मात्र सगळ्यांचे आकडे खाली उतरले. "म्हणजे धोका पत्करायचा तो असा, की माघारी यायची वाट मोकळी आहे. पण तपासणी चुकवायची नाही. आकडा ०.१ टक्क्याच्या वर गेला की गोळी सुरू."

गुढीपाडव्यानंतर गोळी बंद केली. ह्यांना रात्रीच्या जेवणात माझ्या ताटाशेजारी छोट्या वाटीत गोळी ठेवायची सवय. कितीतरी दिवस रिकामी वाटी ताटाशेजारी यायची आणि आम्ही दोघं हसायचो. गुडघे आणि खांदे मात्र विलक्षण धरले. गोळी सोडल्यावर काहींना असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते दुखणं चार-सहा महिन्यांत ओसरलं.

त्याच ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. आमचं घर गावभागात, माजघरात छातीभर पाणी. आम्ही विश्रामबागला नणंदेकडं गेलो. माझ्या पहिल्या सहा महिन्यांतला तो महिना, धोक्याचा. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात तेव्हा तांदळाचे डबे आणि घराची कागदपत्रं, एवढंच होतं. पाणी उतरू लागलं आणि मिरजेच्या लॅबमधल्या मुलाचा फोन आला. माझं रक्त काढायला तोच यायचा. माझ्या हाताची शीर सापडत नाही, म्हणून तो आधी माझा पंजा गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवायला सांगायचा. जांभळ्या बुचाच्या नळ्या भरून त्या थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये लावायचा आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला धाडायचा. "काकू, तुमचा या महिन्याचा नमुना राहिलाय. रस्ता उघडला की गाडी जाणार आहे. येऊ का?"

तो आला. पायात गमबूट, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. नळ्या भरून झाल्यावर मी विचारलं, "तुमच्याकडं पाणी आलं नाही ना?" तो म्हणाला, "घर गेलं की काकू. आम्ही शाळेत आहोत सगळे." डब्याला चिकटपट्टी लावताना त्यानं हे सांगितलं, आणि पट्टी नीट बसली का हे पुन्हा एकदा बोटानं दाबून बघितलं. पूरग्रस्तांच्या छावणीतून उठून हा मुलगा माझा महिना मोजत होता. त्या नमुन्याचा रिपोर्ट 'आढळले नाही' असा आला.

मग कोविड आला, टाळेबंदी आली. डॉक्टर फोनवर बोलायचे, नमुने कुरिअरनं जायचे. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. दोन वर्षं पार पडली की आजार परतणं क्वचितच घडतं, असं सगळे सांगत होते. गोळीची वाटी नातवाच्या बेदाण्यांसाठी वापरात आली.

२०२१ च्या दिवाळीनंतरचा रिपोर्ट मोबाइलवर पीडीएफ म्हणून आला. लिफाफ्याचे दिवस संपले होते, पण काकांचा नियम होता. हे भाजी घेऊन येईपर्यंत मी फोन उपडा ठेवला. दोघांनी मिळून उघडला. ०.०२. डॉक्टरांनी महिन्यानं पुन्हा तपासायला सांगितलं. पुढचा आकडा ०.१६. मुंबईला गेलो. डॉक्टर बराच वेळ सगळे जुने रिपोर्ट उलटून बघत होते. म्हणाले, "तिसऱ्या वर्षात असं फार कमी जणांना होतं. पण होतं. तुमच्या पेशींची मोजणी ठीक आहे, पानथरी ठीक आहे. वाढलाय तो फक्त हा आकडा, आणि तो वेळेवर सापडलाय."

मी विचारलं, "म्हणजे मी त्या एकोणिसाव्या महिन्यातल्या माणसासारखी?"

त्यांना क्षणभर कळलं नाही, मग हसले. "त्याच्याही पुढची."

त्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. बाई की पुरुष, हे मला माहीत नाही. फ्रान्समधलं कुठलंतरी गाव असेल. दीड वर्षं झालं, आता सुटलो, असं त्यालाही वाटलं असेल, आणि मग आकडा चढला असेल. सगळ्यांत आधी उशिरा परतलेल्यांपैकी तो एक. त्याच्या मागं दिलासा द्यायला कुणी नव्हतं. मला होता, कारण तो होता. माझ्या डॉक्टरांनी शांतपणे 'गोळी सुरू करा' म्हटलं, ते त्याच्यासारख्यांच्या जिवावर. दोन वर्षं उलटल्यावरही तपासणी सोडू नका असं जे बजावतात, त्यामागंही अशीच माणसं आहेत.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "मी आहे अक्का, काळजी करू नको. बघ, सोडली ते बरं झालं ना?" मगज लागणार नाही, फक्त गोळी घ्यायची आहे, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी द्राक्षांची बाग औषधाला आलेली असताना सगळं टाकून तो आला. जेवायला बसलो. ह्यांनी काही न बोलता नातवाची वाटी धुऊन आणली, त्यात गोळी ठेवली आणि वाटी ताटाशेजारी सरकवली. दोन घास, गोळी, दोन घास, तांब्याभर पाणी.

मळमळ परत आली, पोटऱ्यांतले गोळे परत आले. तीन महिन्यांनी आकडा ०.१ च्या खाली उतरला होता. वर्षाच्या आत रिपोर्टवर पुन्हा तोच शेरा आला : 'आढळले नाही.' आता गोळी चालू आहे. पुन्हा सोडायची का, हा प्रश्न डॉक्टरांनी काढला नाही आणि मीही काढलेला नाही. मला या गोळीचा जाच वाटत नाही.

या देण्याची परतफेड होणार नाही, हे मला माहीत आहे. मी रक्तदान करू शकत नाही, मगज देऊ शकत नाही. काका नाहीत. मामा निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या पगारातून एक पैसाही कापला गेला नाही, एवढंच समाधान. मला जमतं ते इतकंच, की सांगली-मिरजेत कुणाला नवीन निदान झालं आणि डॉक्टरांनी माझा नंबर दिला, तर मी जाऊन बसते. काकांचे नियम सांगते. माझा आजार तिसऱ्या वर्षी परतला आणि पुन्हा गेला, हेही सांगते, कारण तसं झालेलं कुणीतरी समोर बसलेलं असलं की ऐकणाऱ्याचा घाबरटपणा कमी होतो, हे मी पाहिलंय.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. अलीकडे काहीजण स्वतःच्या मनानं गोळी बंद करतात. बरं वाटतंय, रिपोर्ट चांगला आहे, पैसे वाचतील, असं म्हणून. तसं करू नका. गोळी सोडायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आणि त्यांनी सोडायला सांगितली, तर गोळी सोडा, तपासणी सोडू नका. पहिल्या वर्षी नको, तिसऱ्या वर्षी तर नकोच नको.